अंधुक किल्ला आणि एकेक दिवा

झाशी हे नाव उच्चारताच मराठी मनापुढे तलवार, घोडा आणि पाठीशी बांधलेले बाळ उभे राहते. परंतु या नावाची आख्यायिका युद्धाची नाही, दृष्टीची आहे. ओरछाचे राजे वीरसिंह देव यांनी १६१३ साली बंगरा टेकडीवर किल्ला बांधविला. पुढे ओरछाच्या महालाच्या गच्चीवरून त्यांनी एका पाहुण्या राजाला, आमचा नवा किल्ला दिसतो का, असे विचारले. पाहुणा म्हणाला, ‘झाँई-सी’. म्हणजे सावलीसारखे, अंधुक काहीतरी दिसते. त्या ‘झाँई-सी’चीच झाशी झाली, असे लोक सांगतात.

आख्यायिका खरी असो वा नसो, अंधुकपणा मात्र खरा आहे. ओरछा ते झाशी सरळ अंतर सुमारे १३ किलोमीटर. रात्री किल्ल्याच्या तटावर तीन मीटरांच्या अंतराने दोन दिवे लावले, तर ओरछाहून ते एकच भासतील. इतक्या दुरून एवढे अंतर वेगळे करण्याची शक्ती सामान्य डोळ्यात नाही. दुर्बीण लावली तर दोन दिसतील. परंतु दुर्बीण काय किंवा सूक्ष्मदर्शक काय, प्रत्येक भिंगाला अशीच एक सीमा असते.

सूक्ष्मदर्शकाची ही सीमा जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये सांगितली. प्रकाश लाटांच्या रूपाने चालतो. त्यामुळे एखाद्या बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता लहानशा वर्तुळाएवढी पसरते. यालाच विवर्तन म्हणतात. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून, म्हणजे सुमारे २०० नॅनोमीटरांहून, जवळ असलेले दोन बिंदू भिंगातून एकच दिसतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. क्षयाचे जंतू काही हजार नॅनोमीटर लांब, म्हणून ते दिसतात; पोलिओचा विषाणू अवघा ३० नॅनोमीटरांचा, तो या प्रकाशात वेगळा ओळखू येत नाही. हा भिंग घासणाऱ्याचा दोष नव्हे, प्रकाशाचाच स्वभाव आहे. येना येथील आबे यांच्या स्मारकावर हे सूत्र दगडात कोरलेले आहे.

विद्युत्कण वापरणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक याहून पुष्कळ सूक्ष्म पाहतो हे खरे. परंतु त्यात सामान्यतः निर्वात पोकळी लागते आणि तेथे जिवंत पेशी टिकत नाही. जीवन चालू असताना ते पाहायचे, तर प्रकाशाचाच आश्रय घेणे भाग होते.

आपल्या स्वयंपाकघरातील हळद तेलात किंवा स्पिरिटात कालवून अतिनील दिव्याखाली धरली, तर ती हिरवट-पिवळी चमकते. एका रंगाचा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा परत देण्याच्या या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. १९६२ मध्ये ओसामू शिमोमुरा यांनी एका जेलीफिशमधून असेच हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे केले. पुढे ते पेशीतील हव्या त्या प्रथिनाला दिव्यासारखे जोडता येऊ लागले. परंतु सारे दिवे एकदम पेटले, की पुन्हा तीच झाँई!

मार्ग सापडला तो येथेच. किल्ल्यावर शंभर दिवे दाटीने लावले आहेत, असे समजा. ते एकदम न पेटवता दर वेळी एकमेकांपासून दूरचे दोन-चारच पेटवले, तर प्रत्येकाचा पसरट ठिपका वेगळा दिसेल. त्या ठिपक्याचा मध्य कागदावर टिपावा, ते दिवे विझवावेत, दुसरे लावावेत. असे करीत गेल्यास शेवटी शंभर दिव्यांचा नेमका नकाशा हाती येईल. विल्यम मोर्नर यांनी १९८९ मध्ये एकट्या रेणूची प्रकाशाने नोंद घेतली आणि १९९७ मध्ये ही प्रथिने प्रकाशाने चालू करता येतात, हे दाखवले. एरिक बेट्झिग यांनी संशोधन सोडून वडिलांच्या यंत्रांच्या कारखान्यात नोकरी धरली होती. परत फिरून त्यांनी हॅराल्ड हेस या मित्राच्या दिवाणखान्यात उपकरण जुळवले आणि २००६ मध्ये अशी चित्रे प्रसिद्ध केली. श्टेफान हेल यांनी १९९४ मध्येच दुसरी वाट सुचवली होती: कड्याच्या आकाराचा दुसरा किरण टाकून ठिपक्याची कड विझवायची आणि केवळ मध्य चमकू द्यायचा. या तिघांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

याचा लाभ काय? २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात शियाओवेई झुआंग यांच्या गटाने मज्जातंतूंच्या आतल्या बाजूस सुमारे १९० नॅनोमीटरांच्या अंतराने बसवलेली प्रथिनांची कडी पाहिली. पिंपाला कड्या ठोकाव्यात तशी ही रचना तोवर नजरेस आली नव्हती. तथापि या पद्धतीला मोलही द्यावे लागते. एका चित्रासाठी हजारो छायाचित्रे लागतात, आणि तीव्र प्रकाशाने पेशीला इजा पोहोचते. पाहण्याच्या हव्यासात पाहायची वस्तूच बिघडू नये, ही काळजी अजून संपलेली नाही.

हे प्रयत्न परदेशापुरते मर्यादित नाहीत. पुण्यात २००६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत जी. व्ही. पवन कुमार यांची प्रयोगशाळा तिसऱ्या बाजूने विचार करते. चांदीच्या अतिसूक्ष्म तारांच्या पृष्ठभागाशी प्रकाश बिलगला, की तो तरंगलांबीहूनही अरुंद जागेत कोंडता येतो. तेथे ठेवलेल्या रेणूंची चमक कशी वाढते आणि कोणत्या दिशेला जाते, याचा अभ्यास तेथे होतो.

आबे यांचा नियम आजही खोटा ठरलेला नाही. दोन दिवे एकदम पेटलेले असतील, तर सीमा तीच राहते. संशोधकांनी ते एकदम पेटू दिले नाहीत, एवढेच. वाचकहो, घरच्या मुलांना हे समजावणे अवघड नाही. अंधाऱ्या मैदानात दोन पणत्या दोन बोटांच्या अंतराने ठेवा आणि दोनशे पावले दूर जा. ज्योत एक दिसते की दोन, हे मुलांना विचारा. मग एकाला पणत्यांपाशी पाठवून त्या आळीपाळीने झाकायला सांगा आणि ठिपका किंचित इकडे-तिकडे सरकतो का, ते पाहा. सरकलेला दिसला, तर दुरून एकच भासणाऱ्या ज्योतीत दोन पणत्या होत्या, हे मुले आपणहून सांगतील.