बग, फीचर आणि एक थेंब

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे: "हा बग नाहीये, फीचर आहे." टेस्टरने पुरावा नाकासमोर धरला की हे वाक्य फेकायचं आणि चहाला सटकायचं. मीही फेकलंय, बऱ्याचदा. परवा शनिवारी मात्र एक गोष्ट वाचली आणि हा विनोद जरा टोचायलाच लागला.

गोष्ट आहे लिथियम नायोबेट नावाच्या स्फटिकाची. ऑप्टिकल फायबरमधल्या डेटासाठी जे मॉड्युलेटर लागतात त्यात हा वापरतात, म्हणजे आपल्या पोटापाण्याशी त्याचा संबंध आहेच. १९६६ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये आर्थर अ‍ॅश्किन आणि सहकारी त्यातून लेसर सोडत होते. थोड्या वेळाने किरण विस्कटायला लागला. उजेड पडला तिथे स्फटिकाचा अपवर्तनांक बदलत होता, आणि लेसर बंद केला तरी बदल टिकून राहत होता. कुणालाच हे नको होतं. नाव पडलं 'ऑप्टिकल डॅमेज'. थोडक्यात, बग.

आपण असतो तर? 'नॉट रिप्रोड्यूसिबल' लिहून तिकीट बंद. (हसू नका, तुम्हीही केलंय.) त्यांनी तो त्रास मोजला आणि छापला. १९७४ मध्ये तिथल्याच अ‍ॅलिस्टेअर ग्लास आणि मंडळींनी त्यामागची गोम दाखवली. स्फटिकात लोहाचे अंश असतात. उजेडाने त्यातले इलेक्ट्रॉन सुटतात, पण चहूकडे सारखे पळत नाहीत. एका ठरावीक दिशेला जास्त सरकतात आणि पुढे जाऊन अडकतात. प्रभार असे वेगळे झाले की विद्युत क्षेत्र तयार होतं, तेही सेंटीमीटरला १ लाख व्होल्टच्या घरातलं. बॅटरी नाही, वायर नाही!

आता मजा बघा. या स्फटिकाच्या चकतीवर पाणी न चिकटणारा लेप द्यायचा, वर पाण्याचा थेंब ठेवायचा आणि लेसरचा ठिपका टाकायचा. क्षेत्र जिथे तीव्र, तिकडे थेंब ओढला जातो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो ना, तसंच. ठिपका सरकवला की थेंब मागोमाग. दोन थेंब जवळ आणून एकत्र करता येतात. एरवी असल्या चिपवर धातूचे इलेक्ट्रोड आधीच कोरावे लागतात, म्हणजे सगळं हार्डकोड. इथे सर्किट उजेडाने काढायचं, रनटाइमला. इटलीत पादुआ आणि स्पेनमध्ये माद्रिदच्या विद्यापीठांत यावर काम चाललंय. थेंबभर रक्तात चाचण्या करायच्या, हे त्यामागचं एक स्वप्न.

स्वप्नच म्हणतोय हं. प्रकरण अजून प्रयोगशाळेतच आहे. क्षेत्र उभं राहायला वेळ लागतो, आणि अंधारातही ते टिकत असल्यामुळे पुसायचीही वेगळी सोय करावी लागते.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. त्या बगचं फीचर झालं ते मधल्या पायरीमुळे: कारण शोधलं गेलं. कारण कळल्यामुळेच आज ज्यांना हा त्रास नको ते स्फटिकात मॅग्नेशियम घालतात, आणि ज्यांना हवा ते मुद्दाम लोह घालतात. एकच बग, दोन ब्रँच, आणि दोन्ही चालतात! आपण मधली पायरी गाळतो. कारण माहीत नसताना 'फीचर आहे' म्हणणं ही निव्वळ थाप, आणि कारण माहीत नसताना पॅच मारणं ही तिचीच सख्खी बहीण.

मागच्या आठवड्यात मी एका ज्युनियरचं तिकीट 'वोन्ट फिक्स' म्हणून बंद केलं. लॉग उघडूनही पाहिला नव्हता. पोरगा काही बोलला नाही, पण पुढच्या वेळी तो तिकीट टाकेलच असं नाही, आणि तेच जास्त वाईट.

सोमवारी ते परत उघडतोय. त्यातून थेंब वगैरे काही नाचणार नाही, साधा टाइमआउट निघेल बहुतेक. पण का झाला ते तरी कळेल.

असो. चहा गार झाला.