यादीचा शेवट आणि म्हशीची परीक्षा

पडद्यावर नांवांची यादी यावी व तींतून एक निवडावें, हा व्यवहार आतां घरोघरीं झाला आहे. यादींत दहाच नांवें असतां कोणीं अकरावें मागितलें, तर यंत्रानें काय करावें? प्रश्न पोरकट वाटेल. पण यादी कसली आहे, यावर त्याचें महत्त्व ठरतें.

आमच्या बीड लोकसभा मतदारसंघाचेंच पाहा. दि. 13 मे 2024 रोजीं येथें 41 उमेदवार उभे होते. 'नोटा' धरून ओळी झाल्या 42. एका बॅलट युनिटवर बटणें 16. म्हणून तीन युनिटें जोडावीं लागलीं आणि 48 पैकीं 6 बटणें नांवावांचून उरलीं. अशीं बटणें झांकून ठेवितात. शिवाय शेवटची ओळ कोणती, हें कंट्रोल युनिटास आधींच नेमून देतात. बंदोबस्त असा दुहेरी आहे.

तो नसता, आणि त्रेचाळिसावी निवड यंत्रानें 'जवळची' म्हणून बेचाळिसाव्या ओळींत घातली असती, तर मतदारानें न उच्चारलेला शब्द त्याच्या तोंडीं घातल्यासारखें झालें असतें. संवत्सरांची गोष्ट निराळी. साठावा क्षय संपला कीं पुन्हां प्रभव येतो. तेथें फिरून आरंभीं येणें हाच धर्म. उमेदवारांच्या यादींत तोच अधर्म होय. आंतरजालाच्या पृष्ठांवरील निवडयादी या बाबतींत प्रामाणिक आहे. सीमेबाहेरचा क्रमांक दिल्यास ती कांहींच निवडीत नाहीं व 'उणे एक' असें उत्तर देते.

नैयायिकांनीं लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत: अव्याप्ति, अतिव्याप्ति आणि असंभव. 'शिंगें असलेला प्राणी म्हणजे गाय' या लक्षणाची परीक्षा शंभर गाई आणून केली, तरी तें निर्दोषच ठरेल. म्हैस पुढें आणल्यावांचून त्यांतील अतिव्याप्ति दिसावयाची नाहीं. यादीचेंही तसेंच आहे. असलेलीं नांवें एकेक निवडून पाहणें ही अर्धीच परीक्षा. पहिल्याच्या अलीकडचा क्रमांक, शेवटच्याच्या पलीकडचा क्रमांक आणि मुळांत रिकामी यादी, या तीन म्हशी पुढें आणाव्यात.

वाचकांच्या घरांतील जीं तरुण मंडळी अशीं यंत्रें रचतात, त्यांस आमचें सांगणें एवढेंच: चुकीच्या मागणीस 'नाहीं' म्हणावयास यंत्रास शिकवा. न मागितलेलें देणारा सेवक मुकाट असला, तर त्याची चूक धन्यास कळतही नाहीं.