गेटबाहेरची गाडी

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. पण हा विषय मराठीतच लिहायचा, असं ठरवलं होतं.

गेल्या महिन्यात हॉस्टेलमधल्या पाच जणांची पोटं बिघडली. दुसऱ्याच दिवशी "गेटबाहेरची वडापावची गाडी हटवा" असा अर्ज रूमरूममधून फिरला. सबमिशनच्या घाईत मीही सही ठोकली, न वाचताच. संध्याकाळी मात्र सवयीने पाय गाडीकडेच वळले! मावशींनी नेहमीसारखी जास्तीची सुकी चटणी टाकली आणि विचारलं, "काय रे, ओरल कशी गेली?" घास काही घशाखाली उतरेना.

मित्रांनो, वडापाव म्हणजे फक्त स्वस्तातलं खाणं नाही. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी तो सुरू केला, असं सांगतात. गंमत बघा, बटाटा, पाव आणि मिरची या तिन्ही गोष्टी आपल्याकडे आल्या त्या पोर्तुगीजांमुळे. त्यांना मराठी केलं ते मुंबईने! शिफ्ट गाठायला धावणाऱ्या गिरणी कामगाराला ताट-वाटी नको, टेबल नको. एका हातात धरून चालता चालता खाता यावं, असं हे जेवण. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि हजारो घरांतला पगार थांबला. आमच्या मावशींच्या सासूबाई लालबागला कामगारांची खाणावळ चालवायच्या. संपानंतर जेवायला येणारेच उरले नाहीत, तेव्हा ही गाडी लागली.

आता कुणी म्हणेल, "सेंटी मारू नकोस, पोटं बिघडली त्याचं काय?" मुद्दा बरोबर आहे. म्हणून मी त्या पाचही जणांना जाऊन विचारलं. दोघांनी त्या दिवशी वडापाव खाल्लाच नव्हता! मेसचं पाणी मात्र पाचही जण प्यायले होते. म्हणजे दोष मेसचाच, असं मी म्हणत नाही. पण आपण इंजिनिअर होणार ना? मशीन बंद पडलं तर आधी फॉल्ट शोधतो, की सरळ भंगारात टाकतो?

तेव्हा सूचना अशी. तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स २५ टक्क्यांच्या वर गेले, तर ते तेल वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे. केमिकल डिपार्टमेंटने गाडीवरचं तेल तपासावं आणि मेसच्या कढईतलंही. सोबत दोन्हीकडचं पाणी तपासावं. वडापाव पेपरात बांधणं बंद करायला आपण मावशींना सांगू. साधे कागद आणून देऊ. हात धुवायला गेटच्या आतला नळ त्यांना वापरू द्यावा, एवढी विनंती रेक्टर सरांना करू. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानेही या धंद्याला उपजीविका म्हणून संरक्षण दिलंय. इतकं करूनही गाडीच दोषी ठरली, तर मी स्वतः पुन्हा सही करीन.

तूर्त मी सही मागे घेतली आहे. मावशींना हे अजून सांगायची हिंमत झालेली नाही. हा अंक आला की एक प्रत गाडीवर नेऊन देणार आहे. मराठीत लिहिण्याचं खरं कारण तेच.