सरोवरांतील बुडी

गेल्या महिन्यांत आमच्या ज्येष्ठ बंधूंच्या नातवाचें पत्र आलें. चिरंजीव अमेरिकेंत नोकरीस आहेत. हवेचें नळकांडें पाठीस बांधून समुद्रांत बुडी मारण्याचें रीतसर शिक्षण त्यांनीं घेतलें आहे. आतां पेरू व बोलिव्हिया यांच्या सीमेवरील टिटिकाका सरोवरांत उतरण्याचा त्यांचा बेत आहे. १९६८ सालीं जाक कूस्तो यांच्या मंडळीनें त्या सरोवराच्या तळाचा शोध केला, तेव्हां कातडीच्या घड्यांतून श्वास घेणारे मोठाले बेडूक तेथें आढळले. ते म्हणे यांस पाहावयाचे आहेत! पत्र ऐकून घरांत एकच गिल्ला झाला. वहिनी आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, तो तुमचें ऐकतो. साफ नको म्हणून लिहा."

'नको' हा शब्द लिहावयास सोपा. परंतु चाळीस वर्षांपूर्वीं शाळेंतील मुलांस आम्हीं नदीच्या डोहांत पोहण्याची बंदी केली होती. मुलें जावयाचीं राहिलीं नाहींत. आम्हांस सांगावयाचीं मात्र राहिलीं. त्यांतील एकास एका कोळ्यानें अर्धमेल्या स्थितींत बाहेर ओढून काढलें. तो प्रसंग आम्ही विसरलों नाहीं. म्हणून या खेपेस पाटी-पेन्सिल घेऊन चिरंजीवांचा हिशेब तपासण्यास बसलों.

पाण्याखालीं दाबाच्या हवेंत श्वास घेतला असतां तींतील नत्रवायु रक्तांत व शरीरांत विरतो. मनुष्य घाईनें वर आला तर, सोडावॉटरच्या बाटलीचें बूच काढल्यावर व्हावें तसें, त्याचे बुडबुडे होतात. त्यांनीं सांधे दुखतात, अंग लुळें पडतें, प्रसंगीं प्राणही जातो. इंग्लंडांत हॉल्डेन व त्यांचे सहकारी यांनीं बकऱ्यांवर प्रयोग करून, क्रमाक्रमानें वर येण्याचीं कोष्टकें १९०८ सालीं प्रसिद्ध केलीं. पुढें अनेकांनीं त्यांत सुधारणा केल्या. पण नेहमींच्या वापरांतील कोष्टकें समुद्रसपाटी धरून केलेलीं असतात, आणि टिटिकाका आहे सुमारें ३,८१० मीटर उंचीवर!

तेथें हवेचा दाब समुद्रकाठच्या मानानें शेंकडा ६३ भरतो. पाण्याचा भार मात्र डोंगरावरही तितकाच; दर दहा मीटरांस सुमारें एका वातावरणाइतका. म्हणजे वीस मीटर खालीं एकंदर दाब २.६३, व वर आल्यावर ०.६३. हें प्रमाण चौपटीहून अधिक झालें. समुद्रांत वीस मीटरांवर तें तिप्पटच असतें. सरोवरांतील प्रमाणाइतकें व्हावयास समुद्रांत सुमारें ३२ मीटर उतरावें लागतें. सबब सरोवरांतील वीस मीटर हे कोष्टकांत बत्तीस समजावे, आणि वर येण्याची गतिही त्याच मानानें मंद ठेवावी. समुद्रसपाटीस लावलेलें सामान्य खोलीमापक तेथें पावणेचार मीटर कमीच दाखवील. मनगटावरील गणकयंत्र त्या उंचीसाठीं केलेलें आहे कीं नाहीं, हेंही आधीं पाहावें. विरळ हवेची संवय होण्यास कांहीं दिवस काठीं राहावें. दाबाच्या कोठडींतील उपचार हाताशीं मिळतील असें गृहीत धरूं नये.

हें सर्व लिहून आम्हीं शेवटीं एक साधा प्रश्न विचारला : "बुडी मारल्यावर जाणार कोठें?"

उत्तर आलें. बत्तीस मीटरांचा हिशेब चिरंजीवांनीं आधींच केला होता. "आजोबा, तेवढें आम्हांस शिकविलें आहे," असें त्यांनीं नम्रपणें लिहिलें. आमची मास्तरकी तेथें थोडी ओशाळली. परंतु बुडीच्याच दिवशीं सायंकाळीं मोटारीनें ला पाझ येथें जाऊन विमान गाठावयाचें ठरलें होतें. ला पाझ सरोवराहून खालीं आहे, म्हणून त्यांत धोका दिसला नाहीं. आम्हीं नकाशा काढला. शहराची वाट एल आल्तोच्या पठारावरून जाते, आणि विमानतळही तेथेंच, चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर. पाण्यांतून सांभाळून आलेला मनुष्य मोटारींत बसून पुन्हां वर चढला, तर जो नत्रवायु अंगांत उरलेला असतो त्याचे बुडबुडे तेथें व्हावयाचे!

चिरंजीवांनीं विमानाची तारीख पुढें ढकलली असून, शेवटच्या बुडीनंतर पुरे दोन दिवस सरोवराकाठींच मुक्काम करण्याचें कबूल केलें आहे. वहिनींचा बेतास रुकार अद्यापि नाहीं. त्यांनीं पत्राच्या शेवटीं स्वहस्तें एक ओळ घातली : "वर आल्याबरोबर फोन कर."

आमच्या वाचकांत ज्यांच्या घरीं अशीं धाडसी मुलें असतील, त्यांस इतकेंच सुचवितों कीं, नकार देण्यापूर्वीं मुलाकडून सबंध बेत लिहून मागावा, आणि परतीची वाट अवश्य विचारावी.