पाटीवरचे ‘आहारतज्ज्ञ’

वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड. कुठल्याही बाजारात आता ‘न्यूट्रिशन क्लब’ची पाटी दिसते. आत वजनकाटा, भिंतीवर जाड्याचे बारीक झालेले फोटो, टेबलावर पावडरचे डबे. आणि नावाखाली ‘आहारतज्ज्ञ’. शिक्षण विचारले की बहुतेकदा दोन-चार दिवसांच्या ट्रेनिंगचे सर्टिफिकेट पुढे येते, तेही पावडर विकणाऱ्या कंपनीचेच!

पावडर विका, तिजारत हलाल आहे. माझा आक्षेप त्या एका शब्दाला आहे.

इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ ही ओळख मिळवायला पोषणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातली इंटर्नशिप आणि वर परीक्षा लागते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने डायटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोघांनाही आरोग्य व्यावसायिकांत धरले, अशा पदवीसाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण ठरवले. नाव नोंदलेले नसताना तसे भासवणे गुन्हा केला. पण राज्यांच्या परिषदा इतक्या रेंगाळल्या की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. तोवर पाटी रंगवणाऱ्याला कोण विचारतो?

आपल्या मोहल्ल्यात याचा फटका रमजानमध्ये बसतो. इन्सुलिन घेणाऱ्याचा रोजा ही गंमत नाही. सहेरीला काय खायचे, डोस किती नि कधी, साखर किती खाली गेली की रोजा सोडायचा, हे डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवावे लागते. इथे ‘कोच’ भाई शेक देतात, वर गोळ्या कमी करा म्हणतात. चक्कर आली तर म्हणे शरीर साफ होतंय!

मसला विचारताना आपण आलिमची सनद बघतो, कुठल्या मदरशातून फारिग झाले तेही विचारतो. अब्बांच्या साखरेसाठी मात्र पाटी पुरते.

वाशिम २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, आणि त्या यादीत आरोग्य व पोषण हा मोठा निकष. गावोगाव लेकरांची वजने घेणाऱ्या अंगणवाडी सेविकेला कुणी तज्ज्ञ म्हणत नाही, तिला मानधनावर भागवावे लागते. पोषणशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलींनाही ‘स्वयंपाकाचीच डिग्री ना?’ हे ऐकावे लागते. लग्न झाले की ती डिग्री कपाटात जाते.

मशीद कमिट्यांना माझे सांगणे आहे: शाबानमध्येच एक डॉक्टर आणि एक शिकलेली डायटिशियन बोलवा, बायकांनाही बसायला जागा ठेवा, आणि साखरेच्या रुग्णांना त्यांच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन यायला सांगा.