पाते थांबलेले ‘दिसते’, थांबलेले नसते!

काही दिवसांपूर्वी हुडकेश्वरच्या माझ्या दवाखान्यात एक सुतार हाताला फडके गुंडाळून आला. बोटाचे टोक गोल करवतीत गेले होते. “डॉक्टरसाहेब, पातं थांबलंच होतं जी,” असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. सोबतचा मालक म्हणाला, “लक्ष नव्हतं याचं.” मला मात्र सुताराचे म्हणणे खरे वाटले.

डोळा फक्त प्रकाश टिपतो. गतीचा अनुभव मेंदू घडवतो. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याची महिनाभराची वाढ थोडी थोडी चित्रित करून पडद्यावर दाखवली. चित्रे सगळी स्थिर होती. रोप सरसर वाढले ते पाहणाऱ्यांच्या मेंदूत. त्याच वर्षी माक्स वर्टहाइमर या शास्त्रज्ञाचा जर्मनीत केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन रेषा ठरावीक अंतराने आळीपाळीने दाखवल्या, की एकच रेषा सरकताना दिसते. सिनेमाची सारी करमणूक मेंदूच्या या सवयीवर उभी आहे.

हीच सवय कारखान्यात घात करते. आपली वीज ५० हर्ट्‌झची. त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. काही स्वस्त एलईडी दिवेही तसेच. ही लुकलुक आपल्याला जाणवत नाही. पण दोन लुकलुकींच्या मधल्या वेळात करवतीच्या एका दात्याच्या जागी बरोबर दुसरा दाता आला, तर मेंदूला दरवेळी तेच चित्र मिळते आणि फिरते पाते स्थिर भासते. मोटारीच्या आवाजाची कानाला सवय झालेली असते. मग हात पुढे जातो.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की अशा प्रत्येक अपघातात कामगाराला निष्काळजी ठरवणे अन्याय आहे. आधी वरचा दिवा पाहा. यंत्राजवळ न लुकलुकणारा चांगला दिवा लावा. थ्री फेज जोडणी असेल तर जाणत्या वायरमनकडून शेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर घ्या. पात्यावर जाळी हवीच. आणि करवत असो, कडबा कुट्टी असो की पिठाची गिरणी, हात घालण्यापूर्वी मेन स्विच बंद करा आणि यंत्र पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहा.

तुटलेले बोट पुन्हा उगवत नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवा, पण स्विच बंद केल्यावरच!