चारी चाकांचा जोर

मोटार नवी घ्यावी की जुनी, हा प्रश्न मध्यमवर्गीय माणसाला पडतो. मोटार घ्यावीच का, हा प्रश्न त्याच्या बायकोला पडतो. पण चारही चाकांना जोर असलेली जुनी जीप घ्यावी का, हा प्रश्न फक्त मेहुण्याला पडतो, आणि तोही आपल्या वतीनं.

आमचे मेहुणे तुळजापूरचे. बँकेत काउंटरवर बसणाऱ्या आणि गावाकडं साडेतीन एकर काळं रान असणाऱ्या माणसाला फोर-बाय-फोरशिवाय गत्यंतर नाही, असं त्यांचं मत पडलं. फोर-बाय-फोर म्हटल्यावर मला आधी वाटलं, हे माझ्या टेबलाचं माप सांगताहेत.

मी कॉमर्सचा पदवीधर. भावनेच्या भरात मी लग्नसुद्धा केलं नाही, पत्रिका बघून केलं. तेव्हा एक कोरा ताव घेतला, मधोमध रेघ ओढली आणि एका अंगाला 'जमा', दुसऱ्या अंगाला 'नावे' असं लिहून कामाला लागलो.

आधी जमा बाजू, म्हणजे मेहुण्यांवर अन्याय नको. पहिली रक्कम घसाऱ्याची. नवी मोटार शोरूमच्या फाटकातून बाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते. आयकराच्या हिशेबातही धंद्यातल्या मोटारीवर सालाला १५ टक्के घसारा धरतात, तोही घटत्या मूल्यावर. जुनी गाडी घेतली की हे नुकसान पहिल्या मालकानं सोसलेलं असतं. दुसरी रक्कम घराण्याची. दुसऱ्या महायुद्धातली ही जीप १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतली आणि पुढं बी.डी.ओ. साहेबांपासून निवडणुकीच्या कर्ण्यापर्यंत सगळं तिनंच वाहिलं. तिचं बॉनेट उघडलं की कुठल्याही तालुक्याचा मिस्त्री परक्यासारखा वागत नाही. तिसरी रक्कम त्या जादा दांड्याची. एरवी मागची दोन चाकं गाडी ढकलतात. दांडा ओढला की पुढची दोनही ओढू लागतात, आणि 'लो'मध्ये टाकली तर गाडी बैलाच्या चालीनं, पण बैलाच्याच जोरानं दगडगोट्यांतून वर चढते. बालाघाटाच्या चढणीला हे कामाचं आहे, नाकबूल कशाला करा?

आता नावे बाजू. इथं ताव पुरला नाही, पुरवणी जोडावी लागली.

जमेची पहिली रक्कम पहिल्याच झटक्याला खोडावी लागली. साध्या मोटारीला घसारा असतो, जीपला नसतो. ती लोणच्यासारखी मुरते. मेहुण्यांनी शोधलेली जीप पंधरा वर्षं पुरी करायला आलेली, आणि मालक किंमत अशी सांगत होता की जणू मधली सगळी वर्षं तिनं व्याज कमावलं होतं. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण, तेही पाच-पाच वर्षांचं आणि तपासणी करून. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजाचा दर नव्यापेक्षा चढा आणि मुदत आखूड. हे मी काउंटरच्या आतल्या बाजूनं सांगतो आहे. शिवाय नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बोजा उतरवायला ३५. सातबारावरचा बोजा परवडला, तो निदान चिखलात रुतत नाही.

मिस्त्रीनं तर डोळेच उघडले. म्हणाला, "साहेब, इंजिन नंतर बघा. आधी खाली झोपून चासी बघा, कुठं वेल्डिंगची ठिगळं आहेत ती. मग दांडा टाकून चालवा आणि पुढच्या ॲक्सलचा आवाज ऐका. चारही टायर एका मापाचे, एकसारखे झिजलेले पाहिजेत, नाहीतर गिअरांची आपसांत ओढाताण होते." वर आणखी सांगितलं की कोरड्या डांबरी रस्त्यावर हा दांडा टाकायचाच नाही. वळणावर पुढची चाकं आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. डांबरावर त्यांना घसरायला जागा मिळत नाही, आणि सगळा ताण आतल्या दात्यांवर येतो.

म्हणजे ज्यासाठी पैसे मोजायचे तो दांडा डांबरावर बंद! आता आमच्या धाराशिव जिल्ह्याचं बघा. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येरमाळा असा ५२ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग जातो. नळदुर्ग, उमरग्यावरून हैदराबादकडं ६५ नंबरचा. तिथं हा दांडा शोभेचा. तो लागणार फक्त शेताच्या पाणंदीत, आणि तेही पावसाचे दिवस. आमच्याकडं तो पडतो किती आणि कधी, ते सांगणं म्हणजे सरकारी हप्त्याची तारीख सांगणं.

बरं, पडला तर दांडा चालतो का? आमच्या वाटेकऱ्याला विचारलं. त्यानं तंबाखू मळता मळता निकाल दिला, "सायेब, दोन चाकं फिरली की दोन खड्डं पडत्यात, चार फिरली की चार. वढायला टॅक्टर येकच लागतो." ओली काळी माती टायरच्या खाचांत बसते आणि टायरचा वरवंटा होतो. चिखलाचे खास टायर घातले तर जीप आणखी थोडी पुढं जाते. म्हणजे थोडं पुढं जाऊन रुतते. आणि ओढ्याला पाणी आलं तर बोलायलाच नको. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक मोटारी उचलून नेतं. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा भागात पूर आला, तेव्हा माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली.

इथवर हिशेबाचं झालं. पण माझं खरं भांडण जीपशी नाहीच, ती आल्यावर जे बंद होतं त्याच्याशी आहे.

पूर्वी साहेब जीपमधून यायचे. ती जीप अशी की वाटेतला प्रत्येक खड्डा साहेबांच्या मणक्यात नोंदवला जायचा. संध्याकाळी डाकबंगल्यावर पाठीला शेक देताना त्यांना रस्त्याची आठवण यायची. तो मणका हाच जनतेचा खरा प्रतिनिधी होता. आताच्या उंच, गुबगुबीत, काचा लावलेल्या गाड्यांनी तो प्रतिनिधी निवृत्त केला. पुढाऱ्याला खड्डा कळत नाही, कंत्राटदाराला तो कळूनही वळत नाही. उरलो आपण, स्कूटरवरून आणि एस.टी.तून आदळणारे. आता आपणही भविष्य निर्वाह निधीतून पैसे उचलून उंच गाडीत चढलो, तर रस्त्याविरुद्धचा शेवटचा फिर्यादीच फरार झाला म्हणायचा!

"आणि आजारी माणूस अडला म्हणजे?" मेहुण्यांनी हुकमाचं पान टाकलं. पान खरं आहे. पावसाळ्यात वस्तीवरची अडलेली बाई बाजेवर घालून सडकेपर्यंत आणावी लागते, यात विनोद करण्यासारखं काही नाही. म्हणून तर म्हणतो, चारी चाकांचा जोर द्यायचा तर दवाखान्याच्या गाडीला द्या, डॉक्टरांना द्या, डोंगरावरच्या वस्तीला द्या. माझ्या दारात ती उभी राहून त्या बाईची वाट सुधारत नाही. पाणंद झाली तर मात्र दवाखान्याची साधी गाडी येते, शाळेची पोरं येतात, सोयाबीनची पोती येतात, आणि हप्ता कुणालाच भरावा लागत नाही.

कायदाही आपल्या बाजूनं आहे, फक्त तो जीपपेक्षा जुना. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमाखाली ती मोकळी करून मागता येते. बांधावरून वाट हवी असेल तर जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४३. दोन्हींचा अर्ज तहसीलदारांकडं. वाट पक्की करायला २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावानं पाणंद रस्त्यांची योजना निघाली. या सगळ्याला लागतो एक कागद, एक तिकीट आणि पुष्कळ चिकाटी. पैकी चिकाटी ही आम्हा बँकवाल्यांना गिऱ्हाइकांनीच शिकवलेली आहे.

मी हिशेबाचा ताव उलटा केला आणि कोऱ्या बाजूला "मा. तहसीलदार साहेब यांसी" असं लिहून अर्जाला सुरुवात केली. मेहुणे वाचून हसले. "भावजी, मंजुरीला दहा वर्षं लागतील."

"लागू द्यात की," मी म्हटलं. "तोवर तुमची जीप पंचवीस वर्षांची होईल. आमचा रस्ता मात्र नवा कोरा असेल, आणि तुम्ही तिला त्यावरूनच आणाल. दांडा न टाकता."